गाडी ट्यून झाली की

३ फेब्रुवारी
मुलीचा फोन. आई, एकटी किती दिवस राहणार, तुझी खोली रंगवून ठेवलीय, ये आता. म्हटलं, येतेच. यांची मोटरसायकल तेवढी विकते. ती गेली की दुसऱ्या दिवशी मी निघाले.
गाडीला फारसं काही झालेलं नाही. यांनी जायच्या आधीच्या आठवड्यात उघडा एअर फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर बसवला. कार्बोरेटर जुळवायचा राहिला. त्यामुळे हवा जास्त, पेट्रोल कमी. ॲक्सिलरेटर सोडला की फटाके. मी स्वतः ट्यून करणार. लायब्ररीतून पुस्तक आणलंय. रविवारपर्यंत होईल.

५ फेब्रुवारी
तीन प्रकरणं वाचून झाली. सोपं आहे. जेट म्हणजे भोक असलेला पितळी स्क्रू. भोक मोठं तर पेट्रोल जास्त. जिला शिलाई मशीन खोलता येतं तिला यात काय अवघड?
कार्बोरेटरची वाटी उघडताना पेट्रोल पायपुसण्यावर सांडलं. पायपुसणं तसंही बदलायचंच होतं.

८ फेब्रुवारी, रविवार
कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून मोठा जेट आणला. तो म्हणाला, काकू, काकांचा जुना फिल्टर-सायलेन्सर माळ्यावर असेल ना? तोच लावा परत, अर्ध्या तासाचं काम. नाही म्हटलं. (आहे. कापडात गुंडाळून ठेवलाय.) यांनी हौसेने काढलेलं मी का परत लावू? तत्त्वाचा प्रश्न आहे.

११ फेब्रुवारी
गाडी स्टँडवर चालू केली. काळा धूर, थेट वरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या चादरींवर. वहिनी म्हणाल्या, भावजी निदान धूर घेऊन लांब तरी जायचे.
प्लग काढून पाहिला. कोळसा. म्हणजे पेट्रोल जास्त. कार्बोरेटरमधली सुई एक खाच खाली घेतली. प्रगती आहे.

१४ फेब्रुवारी
समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर गाडी बघून गेला. आहे तशी घेतो म्हणाला. मी सांगितलं, आजारी गाडी कुणाच्या गळ्यात मारणं माझ्याच्याने व्हायचं नाही. तर म्हणतो, मावशी, मला आजाऱ्यांचीच सवय आहे.
त्याला सगळा विनोद वाटतो.

१७ फेब्रुवारी
प्लग अजून काळा. जेट बदलला, सुई बदलली. पुस्तकातच चूक असावी.

१८ फेब्रुवारी
हवा अडवणारा चोक ओढलेला होता. पहिल्या दिवसापासून.
मुलीला फोनवर सांगितलं तेवढं पुरे. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

२२ फेब्रुवारी
मेकॅनिक म्हणतो, स्टँडवरचं ट्यूनिंग म्हणजे पाटावर बसून पोहणं. रस्त्यावर ताणल्याशिवाय कळत नाही. मला चालवता येत नाही. मी कायम मागे बसले. शेवटी कंपाउंडरला पाठवलं.
परत येताना वळणावरूनच आवाज आला. फटाका नाही, अडखळणं नाही. मी सवयीने आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, दोन कप काढले.
कंपाउंडर चहा घेत नाही.
प्लग बिस्किटाच्या रंगाचा. पुस्तकात लिहिलाय तस्सा. गाडी तयार. कंपाउंडर उद्या न्यायला येतो म्हणाला.

२३ फेब्रुवारी, सकाळ
एअर स्क्रू जरा बाहेर फिरवून पाहिला. केवळ अभ्यास म्हणून. लगेच फटाके सुरू. कंपाउंडरला निरोप दिला, येऊ नकोस, मोठा दोष निघालाय.
मुलीलाही कळवलं. ती नुसती हं म्हणाली.

१ मार्च
कंपाउंडरने स्कूटर घेतली.
मुलीला फोन करून सांगितलं, गिऱ्हाईक गेलं, आता यायला थोडा उशीर होईल. ती म्हणाली, आई, तू येणार नाहीस हे मला त्या चोकच्या आधीपासून माहीत होतं. रंगवलेल्या त्या खोलीत तुझ्या जावयांनी व्यायामाची सायकल आणून ठेवलीय. दिवसभर पायडल मारा, जागची हलत नाही.
मला राग आला. निदान विचारायचं तरी.
बाहेर जाऊन स्क्रू होता तिथे आणला. गाडी एका लयीत चालू लागली. कुणी ऐकायला नव्हतं. जरा वेळ तशीच चालू ठेवली. मग पहिल्यांदाच पुढे बसून पाहिलं.
गाडी विकायचं रद्द. उद्यापासून चालवायला शिकणार. पंधरा दिवसांत येईल.
पाय जमिनीला टेकत नाहीत. ते किरकोळ आहे.