सुनेने पांढरं उतरवलं

सफी, शुक्रवार, ९ मे

लाडक्या घिता,

तुला सलाम, तुझ्या खोलीतल्या मैत्रिणींनाही सलाम. माझा गुडघा बरा आहे. मांजरीला चार पिल्लं झाली, एक अगदी आपल्या इमामसारखं जांभया देतं. मशिदीतल्या बायकांच्या वर्गात जाऊन माझी ओळ आता सरळ येते, बघ.

पण बातमी वेगळीच आहे. आज तुझ्या आईने पांढरं उतरवलं! हिरवा झगा घालून दारात आली. शेजारची फातना म्हणाली, "काय गं रहमा, लग्न कुणाचं?" आई म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचं, दुसरं!" किती दिवसांनी मी तिचे दात बघितले.

नवरा गेला की चार महिने दहा दिवस पांढरं घालायचं. हिने तीन वर्षं घातलं. जेवताना तुझ्या बापाचा, मिलूदचा चमचा मांडायची. बंदरावर भोंगा वाजला की दाराकडे बघायची, मासळीचा वास आला की जेवणावरून उठायची. "आईला मी दिसतच नाही," म्हणून तू रागावलीस आणि ईदलाही आली नाहीस.

मंगळवारी तिला दवाखान्यातल्या बाईंकडे नेलं, दुःखाचं ऐकून घेतात त्या. त्यांनी विचारलं, "नवऱ्याला शेवटचं बघितलंत?"

"नाही. दार लावलेलं होतं."

मी आपली पिशवीचा बंद सोडत-बांधत बसले.

ते दार मी लावलं होतं, घिता. बुडालेल्या तुझ्या बापाला समुद्राने चौथ्या दिवशी परत दिलं. मला वाटलं, सुनेने हे बघू नये.

घरी येऊन सांगितलं. ती ओरडलीच, "मला वाटत राहिलं, दुसऱ्याच कुणाला पुरलं! आणि तुम्हाला ठाऊक होतं, आई?" मग हळूच, "कसे दिसत होते?"

"सुजला होता. पण हनुवटीवरचा व्रण तोच, गाढवावरून पडला होता तेव्हाचा. आपलाच होता, पोरी."

इतकी रडली की फातना साखर मागायच्या निमित्ताने आली आणि तीही रडत बसली. साखर न नेताच गेली.

आज कुसकुस आईनेच केला. मीठ जास्त झालं होतं. मी दोनदा घेतला.

आता तुझं. त्या दिवशी तुलाही त्या दारापासून दंडाला धरून मागे ओढलं ते मीच. रुसायचं तर माझ्यावर रूस, आईवर नको. पण घरी ये. विचारशील ते सगळं सांगेन.

तुझ्या बापाचं तोंड शेवटचं बघून तीन वर्षं गप्प बसलेली,
तुझी आजी यामना