लवंग विकायची नाही

मालवण,
सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

इफ्राच्या बाबांना मरियमचा सलाम.

अल्लाच्या कृपेने इथं सगळं बरं आहे. तुम्हीही तिकडे वेंगुर्ल्याला बहिणीच्या हातचं खाऊन बरे असालच. बरे म्हणजे काय, चांगले गुटगुटीत झाला असाल. सनोबर परवा फोनवर सांगत होती, भाई रोज सकाळी जेट्टीपर्यंत चालत जातो आणि येताना बांगडे घेऊन येतो. ऐकून जिवाला बरं वाटलं. तुमचा पाय चालायला लागला हे मला नणंदेकडून कळावं, याचं वाईटही वाटलं. दोन्ही लिहून टाकते.

पत्र कशाला, म्हणाल. फोनवर तुम्ही "बरां, बरां" म्हणता आणि ठेवून देता. शनिवारपासून तर उचलतही नाही. पत्राला असं मध्येच ठेवता येत नाही. फाडता येईल, पण तुमचा स्वभाव मला माहीत आहे. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तुम्ही साधं लग्नाचं आमंत्रणही टाकून देत नाही.

इथं थंडी उतरायला लागली. पहाटे गोठ्याच्या पत्र्यावरून दंव टपटपतं. लवंग घोडीला खरारा केला की जुने केस मूठमूठ निघतात आणि खालून नवे, दाट, मऊ केस आलेत. हवालदार तर अस्वल झालाय. म्हातारा घोडा किनाऱ्यावर दिवाळीच्या सुट्टीत पोरांना पाठीवर घेऊन इमानाने फिरला, पण त्याची जुनी खोड गेली नाही. शेंगदाणेवाल्याच्या गाडीशी आला की उभा राहतो आणि शेंगदाणे तोंडात पडल्याशिवाय पाऊल उचलत नाही. नाव ठेवताना तुम्ही फार विचार केला होता, असं आता वाटतं.

डोंगरावरचं गवत कापून झालं. यंदा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला, त्यामुळे सुकायला उशीर झाला. बाया म्हणत होत्या, रचून टाकू गंजी. मी ऐकलं नाही. ओल राहिली तर आतून बुरशी धरते आणि ती घोड्याच्या पोटात जाते, हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. कट्टा गावचा धोंडू घाटावरून टेम्पोभर कडबा घेऊन आला. तोही रचून ठेवलाय. मार्चपर्यंत चिंता नाही.

नालबंदही येऊन गेला. पावसाळ्यात खूर मऊ पडले होते, लवंगच्या मागच्या डाव्या खुराला तर चीर गेली होती. आल्या आल्या त्याने विचारलं, "मालक कुठं हायत?" मी म्हटलं, मालकीण समोर उभी आहे, काम चालू कर. तो हसला आणि मला पाय धरायला लावला. तुमच्या लवंगबाईंनी सगळा भार माझ्या खांद्यावर टाकला आणि आरामात डोळे मिटले. आजही कंबर धरलेली आहे. पण चारही नाल पक्के बसलेत. कातळावरून चालली की असा काही टणटणाट होतो, की विमला शेजारच्या अंगणातून ओरडते, "इली गो राणी!"

आता शनिवारचं.

तुम्ही पाठवलेला घाटावरचा माणूस आला होता. माणूस वाईट नव्हता. चहा घेतला, लवंगचं तोंड उघडून दात बघितले, पायांवरून हात फिरवला. तिने त्याला काही केलं नाही, हे मुद्दाम लिहिते. मग त्याने दावं सोडायला हात घातला आणि मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, भाऊ, तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा, पण ही घोडी विकायची नाही. तो म्हणाला, मालकांचा शब्द आहे. मी म्हटलं, मालकांचा शब्द फोनवरचा आहे, घोडी माझ्या दारात आहे. तो तुम्हाला फोन लावत राहिला, मी कप उचलून आत गेले. म्हणून तुम्ही रागावलात. रागवा. पण नवऱ्याचा शब्द खाली पाडायला मला हौस नव्हती. तुम्ही मला विचारलं असतंत तर त्या माणसाला घाट उतरावा लागला नसता.

तुम्ही म्हणाल, घोडी आजारी पडली, उद्या मेली तर काय करशील. म्हणून पाडव्याच्या दिवसाचं नीट लिहिते. फोनवर तुम्ही अर्धंच ऐकलंत.

पाडव्याला विमलाकडे गुरांचा सण. बैलांच्या शिंगांना गेरू लावला, गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या, ओवाळलं, आणि नव्या तांदळाचा भात गूळ घालून मोठ्या टोपात शिजवून त्यांना खायला घातला. मी बाजारात गेले होते. विमलाला वाटलं, शेजारची मुकी पोर सणाच्या दिवशी उपाशी बघत राहणार. तिने उरलेला टोप कुंपणावरून उचलून लवंगपुढे ठेवला. वर कपाळाला कुंकूही लावलं. मी परत आले तेव्हा टोप चाटून पुसून लख्ख होता आणि लवंग मान वळवून आपल्याच पोटाकडे बघत होती. थोड्या वेळाने घाम फुटला, ती जमिनीवर लोळायला लागली.

विमला रडकुंडीला आली. "माका काय म्हायत गो! आमच्या बैलांका कधी काय होवक नाय. ह्येव आपल्याच दारातला मुका जित्राप मा?"

तिचं काय चुकलं? गुरं रवंथ करतात, त्यांना पचतं. घोड्याला रवंथही नाही आणि ओकताही येत नाही, पोटात गेलं ते पुढेच जायला हवं. पण शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला हे कोण सांगणार? ते सांगणारा माणूस वेंगुर्ल्याला होता.

जनावरांचे डॉक्टर सणाला गावी गेलेले. फोनवर म्हणाले, निघतो, संध्याकाळ होईल, तोपर्यंत तिला लोळू देऊ नका, चालवत राहा. मी दोरी धरली आणि किनारा गाठला. दुपारच्या उन्हात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत होते. ती बसायला बघायची, मी ओढायची, मागून विमला ढकलायची आणि तिची नि माझी दोघींची माफी मागायची. पर्यटक फोटो काढत होते. एकाने तर विचारलं, राइड केवढ्याला. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून तेल सोडलं, आणि पुन्हा चालवा म्हणाले. सूर्य पाण्यात टेकत होता तेव्हा लवंगने शेपूट उचलली आणि लीद टाकली. मी आणि विमला भर किनाऱ्यावर एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. लीद बघून एवढा आनंद झालेल्या दोन बाया मालवणने आधी पाहिल्या नसतील.

त्या दुपारी मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, "माज्यान येवूक जमाचा नाय. पाय दुकता." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन, "जगली काय?" जगली म्हटल्यावर तुम्ही जो श्वास सोडलात तो मी ऐकला. आणि लगेच पुढचं वाक्य, "इकून टाक गो तिका."

मी फार दुखावले होते. हे एवढंच लिहून पत्र संपवणार होते, खरं सांगते. गवत, नाल, घाटावरचा माणूस, आणि मी दुखावले आहे. पण त्यापुढचं एक आहे. आठवडाभर मी ते कुणाकडे बोलले नाही, सनोबरकडेही नाही.

कडबा उतरवून झाल्यावर धोंडू चहा पीत बसला होता. मला म्हणाला, "वयनी, एजाजभाय पाडव्याक इलेले काय घराक? माका कट्ट्याच्या स्टॉपार दिसले. हाक मारलंय, पन त्येंनी वर बघूक नाय." मी विचारलं, मग? तो म्हणाला, "मगे काय, बराच वेळ बसान रवले आणि परत कुडाळच्या गाडयेत चढले."

मी त्याला म्हटलं, हो, थोडं काम होतं त्यांचं. तुमची लाज माझ्याकडे सुखरूप आहे.

म्हणजे पाय दुखत नव्हता. दुखत्या पायाने माणूस दोन गाड्या बदलून कट्ट्यापर्यंत येत नाही. लवंग मरते की काय म्हणून तुम्ही सनोबरला न सांगता निघालात, आणि घर अर्ध्या तासावर आल्यावर तुमच्याने पुढे येववलं नाही. मी इतके दिवस समजत होते की तुम्ही आला नाहीत. तुम्ही आला होतात. माझा निम्मा राग तिथंच गेला.

आता जे कुणी बोलत नाही ते मी लिहिते. तुम्हाला लवंगची भीती वाटते.

डॉक्टर पायाचं सांगतात, सनोबर थंडीचं सांगते, तुम्ही मांडीतल्या सळईचं सांगता, आणि मीही सगळ्यांना सांगते की तिकडे व्यायाम चांगला होतो. सगळे मिळून आपण एक शब्द टाळतो. एप्रिलात जामसंड्याच्या वरातीत कुणा शहाण्याने फटाक्यांची माळ तिच्या पायाखाली टाकली. ती मागच्या पायांवर उभी राहिली, नवरदेव उडी मारून सुटला, आणि तुम्ही लगाम सोडला नाहीत म्हणून तिच्या खाली आलात. लगाम सोडला असता तर ती त्या बायकापोरांच्या गर्दीत घुसली असती. ज्याने तेव्हा सोडला नाही त्याला आता तिच्या जवळ जाववत नसेल, तर त्यात मान खाली घालण्यासारखं काय आहे? तुमच्या आजोबांनी, वडिलांनी घोडे पाळले म्हणून तुमच्या हाडांनी मोडायचं नाही असा काही कायदा आहे का?

आणि ती? तिच्या पोटरीवर भाजल्याचा डाग अजून आहे. पावसाळाभर कुणी स्टीलचं ताट आपटलं तरी ती थरथर कापायची. तुम्ही दोघंही त्या एकाच माळेला भ्यालेली आहात. तुम्हाला वाटतं की तुम्हाला तिने मोडलं. तिला काय वाटत असेल कोण जाणे, पण तुमचा जुना शर्ट मी दोरीवर वाळत घातला की ती त्याला नाक लावून उभी राहते. मला राग येतो कधीकधी. खायला मी घालते.

त्या पाडव्यानंतर विमलाने स्वतःहून एक काम अंगावर घेतलंय. रोज संध्याकाळी मी लवंगपुढे भिजवलेले हरभरे धरते आणि विमला तिच्या अंगणातून पत्र्याचा डबा बडवते. पहिल्या दिवशी पार विहिरीपलीकडून, मग रोज थोडी जवळ. तिच्या सुनेला वाटतं सासूला वेड लागलं. काल विमला कुंपणाला टेकून बडवत होती. लवंगचे कान मागे गेले, अंग शहारलं, पण हरभरे सोडले नाहीत. भीती गेलेली नाही तिची. भीतीसकट खाते. माझंही तेच आहे. पहिल्यांदा तिचं दावं सोडलं ते तीनदा दारापर्यंत माघारी येऊन. अजूनही ती फुरफुरली की मी एक पाऊल मागे सरते. तुम्हाला हे सांगितलं नव्हतं, कारण तुम्ही लगेच म्हणाला असतात, मग वीक.

तुळशीची लग्नं या आठवड्यात होतील आणि रविवारी पहिली वरात आहे, इथंच, मालवणात. मी स्वतः नवरदेवाच्या वडिलांशी बोलले. फटाके नाहीत, नाहीतर घोडी नाही. ते कबूल झाले. मग त्यांनी विचारलं, लगाम कोण धरणार? मी म्हटलं, मी. बाई लगाम धरणार म्हणून ते जरा घुटमळले, घरात जाऊन बायकोला विचारून आले आणि हो म्हणाले. रविवारी लवंगच्या पुढे मी चालणार आहे. तुम्ही या किंवा येऊ नका, हे ठरलेलं आहे. मोहल्ल्यातले काय म्हणतील ते मी ऐकून घेईन, माझे कान मजबूत आहेत.

एवढं झाल्यावर माझं मागणं ऐका. मी तुम्हाला घोड्यांसाठी बोलवत नाही. गवत भरलंय, नाल बसलेत, वरात ठरलीय. तुम्ही गोठ्याकडे फिरकला नाहीत तरी चालेल, जन्मभर नाही फिरकलात तरी चालेल. कुणी विचारलं तर मी सांगीन की आमच्याकडे आता बाई घोडी बघते. तुम्ही पुढच्या ओट्यावर बसा, बांगडे साफ करा, मला खुरांचं, दाण्याचं काय ते ओरडून सांगा. मला नवरा घरात हवा आहे. घोडेवाला झाल्याशिवाय घरी जायचं नाही असं तुम्ही कट्ट्याच्या स्टॉपवर ठरवलं असेल, तर ते एकट्याने ठरवलंत. मला विचारलं नव्हतंत.

हे पत्र धोंडूच आणून देईल. तो काजूची पोती टाकायला वेंगुर्ल्याला येतोय, परतताना टेम्पोत पुढची जागा रिकामी आहे. सनोबर त्याला चहा देईलच. मी त्याला सांगून ठेवलंय, चहा सावकाश पी.

वाट बघत बसलेली नाही, या म्हणून सांगते आहे.

तुमची
मरियम