सहा मिनिटांचा पाठ

सोमवार, ४ ऑगस्ट

नव्या तुकडीसमोर आज आम्हा शिकवणाऱ्यांना मंचावर उभं केलं. प्राचार्य बाजपेयींची दरवर्षीची हौस. "बच्चों को पता तो चले, आप लोग कहाँ-कहाँ से तपकर आए हैं!" बच्चे कसले! बी.एड.ला आलेली साठ जाणती माणसं. काहींची लग्नंही झालेली.

रिज़वी साहेबांनी उभी नोकरी इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत काढली, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. मीनाक्षी निगम मानसशास्त्र शिकवतात. आधी महिलांच्या आधारगृहात समुपदेशक होत्या. लतिका वहिनी हिंदीच्या, आधी छावणीतल्या शाळेत. माझं काय सांगायचं? बीड जिल्ह्यातली एका खोलीची शाळा, मग हवाई दलात शिक्षण प्रशिक्षक, आता इथं उत्तरेत, बी.एड. कॉलेजात गणिताची अध्यापन पद्धती. दोन-चार टाळ्या.

शेवटी आत्माराम. वहिनींचा नवरा, माझ्यासारखाच मराठी, आमच्याकडे शारीरिक शिक्षण घेतो. फौजेत तो जवानांना बिनहत्यारी लढाई शिकवायचा. "बोलके क्या बताऊँ, करके दिखाता हूँ," म्हणाला, आणि पहिल्या रांगेतल्या एकाला वर बोलावून त्याचं मनगट पिरगळलं. हाड वाजलेलं मला मंचावर ऐकू आलं. मुलगा किंचाळला. टाळ्या थांबल्या नाहीत — वाढल्या!

संध्याकाळी त्याच्या हाताला प्लास्टर.

परतताना नेहमीप्रमाणे आत्मारामच्याच गाडीत. "काय एअरफोर्स, घाबरलास का? तुमच्याकडे सगळं वरूनच टाकायचं असतं, हात कुठं लावावा लागतो!" मी हसलो. का हसलो? वहिनी मागे बसून खिडकीबाहेर बघत होत्या.

बुधवार, ६ ऑगस्ट

वहिनींच्या वर्गावरून जात होतो. फळ्याचा वरचा अर्धा भाग कोरा. सगळं लिखाण खाली, कमरेच्या उंचीला. फळ्यावर लिहायला वरून, डावीकडून सुरुवात करायची हे त्या स्वतःच मुलांना शिकवतात!

मधल्या सुट्टीत विचारलं. म्हणाल्या, "खांदा धरलाय, भाऊजी. हात वर जात नाही."

गुरुवार, ७ ऑगस्ट

आजही खालचाच अर्धा.

मंगळवार, १२ ऑगस्ट

परवापासून सूक्ष्म अध्यापन. सहा मिनिटांचा पाठ. एकाने शिकवायचं, बाकीच्यांनी शाळकरी पोरं व्हायचं, कुणी हुशार, कुणी मठ्ठ, कुणी दंगेखोर. पहिला नमुना पाठ आम्ही द्यायचा. वर्ग नियंत्रणाचा पाठ वहिनी घेणार. वेळ माझ्याकडे; सहा मिनिटं झाली की घंटी वाजवायची.

दंगेखोर विद्यार्थी कोण होणार, म्हणून मी स्टाफरूममध्ये विचारलं. आत्माराम म्हणाला, "मला दे. बायकोचा वर्ग बघू तरी!" सगळे हसले. रिज़वी साहेब म्हणाले, "भाभी जी, मुर्ग़ा बनाइएगा इनको!"

वहिनी नाही हसल्या. मी भूमिका देऊन टाकली.

कॉलेजची घंटी फुटली आहे. देवघरातली नेईन. आईने दिलेली, जड पितळेची, दांड्यावर गरुड.

गुरुवार, १४ ऑगस्ट

लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो.

वहिनींनी हिंदी व्याकरणातल्या कारकाचा पाठ सुरू केला. आत्माराम मागच्या बाकावर. आधी शिट्टी, मग खडू फेकून मारला. मुलं खदखदली. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "अपनी जगह पर बैठिए." तो उठला. चालत पुढे आला. "नहीं बैठूँगा. क्या कर लोगी?" — मग केस धरले आणि त्यांचं तोंड फळ्यावर आपटलं. एकदा. पुन्हा.

मुलं हसत होती! कुणीतरी म्हणालं, "क्या एक्टिंग है यार!" त्याने गळा धरून त्यांना फळ्याशी उचललं, पाय जमिनीवरून सुटले, तेव्हा टाळ्या पडल्या.

आणि मी? घड्याळाकडे बघत होतो. मलाही तो पाठच वाटला — पहिल्यांदा. दुसऱ्यांदा नाही. दुसऱ्यांदा मला कळलं होतं. तरी घंटी हातात धरून बसून राहिलो, कारण सहा मिनिटं झाली नव्हती. देवा, काय माणूस आहे मी!

मीनाक्षी मॅडम ओरडत धावल्या. तेव्हा त्याने सोडलं, वर्गाकडे वळून कमरेत वाकून नमस्कार केला. पुन्हा टाळ्या.

फळ्यावर रक्त होतं. खडूच्या भुकटीत कालवलेलं, गुलाबी.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंड्याला सलामी. परेडची आज्ञा देणारा आत्माराम! छाती काढून, मेडलं लावून. वहिनी आल्या नाहीत. मीनाक्षी मॅडमनी रात्रीच त्यांना आपल्या जुन्या आधारगृहात नेलं. पत्ता आम्हा तिघांनाच माहीत. तिसरे रिज़वी साहेब.

मी प्राचार्यांना सांगितलं, ते नाटक नव्हतं. ते म्हणाले, "सदाशिव जी, साठ बच्चे कह रहे हैं एक्टिंग थी. रोल आपने ही दिया था. मियाँ-बीवी का मामला है, कॉलेज का नाम मत घसीटिए." आत्मारामला आठवडाभर सुट्टी दिली — माहौल ठंडा व्हावा म्हणून. शिक्षा नाही, सुट्टी!

बाहेर रिज़वी साहेब व्हरांड्यात बसले होते. "उम्र भर लड़कों पर बेंत चलाई है हमने," म्हणाले. "और असली मार सामने थी तो पहचान न सके."

शनिवार, १६ ऑगस्ट

जन्माष्टमी. पाळणा बांधला, फुलं वाहिली, घंटी उचलवेना. बायको, देविका, म्हणाली, "द्या, मी वाजवते." तिला सगळं सांगितलं. लेक वेदिका दारातून ऐकत होती. या पोरीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. "पापा, घंटी तो आपके हाथ में थी ना?"

एवढंच म्हणाली आणि आत गेली.

सोमवार, १८ ऑगस्ट

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं.

कॉलेज सुटल्यावर आत्माराम फाटकाशी गाडी घेऊन उभा. "बस एअरफोर्स, सोडतो." नाही म्हणायला हवं होतं. मलिहाबादच्या रस्त्यावरून त्याने गाडी आंब्याच्या बागेत घातली. हंगाम संपलेला, बागेत चिटपाखरू नाही.

"कुठाय ती?"

"माहीत नाही."

पहिला ठोसा पोटात. मग त्याने माझा उजवा हात गाडीच्या दारात ठेवला, अगदी हळुवार, आजाऱ्याचा धरावा तसा — आणि दार लावलं. "जप करतोस ना रोज? कर आता!" दोन बोटं गेली. मी ओरडलो. नाव घेत होतो की शिव्या देत होतो, आठवत नाही. तो पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, आणि मी माती खात पडलो होतो. मी नाही सांगितलं. आयुष्यात एवढं एक नाही सांगितलं!

जाताना म्हणाला, "सापडली की तिथंच संपवतो. लिहून ठेव."

ठेवलं लिहून.

मंगळवार, १९ ऑगस्ट

पोलीस चौकीत गेलो. वहिनी आणि मीनाक्षी मॅडमही. दीवानजींनी, म्हणजे तिथल्या हेड कॉन्स्टेबलने, वहिनींच्या गळ्यावरचे वळ पाहिले, माझा हात पाहिला. प्राचार्यांना फोन लावला. मग हसले. "नाटक में चोट लगी, उसका मुक़दमा लिखें? और मास्टर साहब, आप दोनों मराठी भाई हैं, आपस में बैठकर सुलझा लीजिए."

खरं सांगितलं. तिघांनी सांगितलं. काही झालं नाही.

बाहेर वहिनी म्हणाल्या, "मी सोमवारपासून वर्ग घेणार, भाऊजी. लपून किती दिवस राहायचं? तुमचा हात असा — घंटी माझ्याकडे द्या."

शनिवार, २३ ऑगस्ट

जपाची माळ डाव्या हातात. मन लागत नाही. आत्मारामची सुट्टी संपली.

सोमवार, २५ ऑगस्ट

वहिनींच्या वर्गात मी आणि रिज़वी साहेब मागे बसलो होतो. एक मुलगी पाठ देत होती. टेबलाजवळ वहिनी, समोर घंटी. तिसरं मिनिट असेल. दार लाथेने उघडलं.

आत्माराम. हातात टायर खोलायचा लोखंडी पाना.

या वेळी कुणी हसलं नाही. साठच्या साठ एकदम उभे राहिले! प्लास्टरवाला मुलगा बाक ओलांडून धावला, त्याच्या बरगडीत पाना बसला. मी मध्ये पडलो. आत्मारामने मला चिंधीसारखं भिरकावलं. वहिनींचा गळा पुन्हा त्याच्या मुठीत, पाना वर उचललेला.

त्यांचा हात वर गेला. तोच खांदा, तोच हात — पार डोक्याच्या वर. घंटी त्याच्या कानशिलावर बसली. ती वाजलीसुद्धा, एकदा, स्पष्ट. तो फळ्यावर आदळला, मग मंचाच्या कडेवर. तो पडल्यावरही वहिनींनी मारलं. दोनदा. मी ते पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं.

मग पाठ देणाऱ्या मुलीने जाऊन वहिनींच्या हातातली घंटी काढून घेतली, टेबलावर ठेवली, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. एकेक करत सगळे बसले.

आत्माराम इस्पितळात. शुद्धीवर नाही.

मंगळवार, २६ ऑगस्ट

उद्या गणपती. घंटी पोलिसांकडे.

इन्स्पेक्टरने प्राचार्यांच्या खोलीत एकेकाला बोलावलं. साठ जणांचं एकच उत्तर — "सर, पाठ चल रहा था. हमें लगा, एक्टिंग है." रिज़वी साहेबही तेच म्हणाले. प्राचार्यांना त्यांचेच शब्द गिळावे लागले.

शेवटी मी. इन्स्पेक्टरने माझ्या कपाळाचं गंध पाहिलं. "आप तो पूजा-पाठ वाले आदमी हैं. आप सच बताइए."

मी म्हणालो, "छह मिनट पूरे नहीं हुए थे, साहब. पाठ चल रहा था."