हातमोज्यांची काटकसर

९ फेब्रुवारी १९८३
तिसरा टाका घालतानाच आबाराव उठले आणि त्यांनी माझी गचांडी धरली. सुई माझ्या अंगठ्यात घुसली. टेबल आडवं झालं. मी शांत होतो. सोसायटीच्या निवडणुकीत खुर्च्या चालल्या, कोयते निघाले. डोकं फुटलेला माणूस चिडणारच. शिवाय ते चेअरमन. उघड्या हातांनीच शिवलं. मोठ्या माणसाला रबर घालून हात लावणं बरं दिसत नाही. फरशीवरचं त्यांचं रक्त सिस्टर मुक्ताबाईंनी पुसलं.

मग विरुद्ध पार्टीचा, बौद्धवस्तीतला गुलाब. तळहात हाडापर्यंत चिरलेला. रबरी हातमोजे चढवले. जिल्ह्यावरून दोनच जोड आलेत. गुलाब म्हणाला, चेअरमनला हातानं शिवलं, मला मोजे कशापायी? सांगितलं, हे सायन्स आहे. तो म्हणाला, सायन्स बरोब्बर आमचीच वस्ती हुडकून येतं. आयोडीनची बाटली त्यानं भिंतीवर फोडली.

मी जात मानत नाही. घरी येऊन पुन्हा विचार केला. मानत नाही.

१० फेब्रुवारी
संकल्प: मोजे धोका पाहूनच. धोका मला माणूस बघून कळतो. मुक्ताबाईंनी एक जोड मागितला. फिनेलनं हाताला भेगा पडल्यात म्हणे. खोबरेल लावा म्हटलं. मोजे धुऊन कपाटात, कुलपात.

३ मार्च
टँकरवर मारामारी. दोन डोकी, एक जबडा. मुक्ताबाई कोपरापर्यंत रक्तात. पुन्हा मोजे मागितले. म्हटलं, खरी इमर्जन्सी येऊ द्या. त्या म्हणाल्या, मग ही काय हळदीकुंकू हाय व्हय, साहेब?
टोमणे मी मनावर घेत नाही.

२ एप्रिल
आबारावांना कावीळ. सोलापूरचे डॉक्टर म्हणतात, जुनी, रक्तातून पसरणारी. त्यांचा पुतण्या महारुद्र सायकलचा पंप घेऊन आला. तुमच्याच सुईनं काकांना झाली म्हणाला. पंप मला दोनदा हाणला. खिडकी फोडली. समजावलं, की सुई त्यांच्यातून माझ्यात गेली, माझ्यातून त्यांच्यात नाही.
हे बोलून झाल्यावर मी स्वतःचा अंगठा पाहिला.
पण माझी प्रकृती दणकट आहे. जेवण जात नाही ते उन्हामुळं.

११ एप्रिल
लघवी गडद. पाणीच कमी मिळतं, त्याला कोण काय करणार? मुक्ताबाई माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, रक्त काढावं लागंल, मोजे द्या. कपाट उघडलं. उष्णतेनं रबर वितळून दोन्ही जोड एकमेकांना चिकटलेले. ओढले, फाटले. त्या म्हणाल्या, घरी दोन लेकरं हायत, मी हात लावत न्हाय. मी ट्रे भिरकावला. त्यांना लागला नसावा.

१२ एप्रिल
सकाळच्या एस.टी.नं कुर्डुवाडीला निघालो, पुढं सोलापूर. डोळे पिवळे. कंडक्टरनं मागचं बाक माझ्यासाठी रिकामं केलं. मुक्ताबाईही गाडीत होत्या. त्यांनाही रक्त तपासून घ्यायचं होतं. माझ्या शेजारी जागा होती. त्या कुर्डुवाडीपर्यंत उभ्या होत्या.