सहाव्या रकान्यात ‘कोणी नाही’

विजयनगर, म्हैसूर
(मंगळवारी लिहायला घेतलं, आज शुक्रवार आहे. मधले दिवस कुठे गेले ते विचारू नकोस.)

ती. भागीरथी अक्काच्या पायांशी धाकट्या नागोजीचा दंडवत. (कागदावरच घालतोय. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतात, आणि तुझ्याकडे सूनबाई सुमा एकटीच.) मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा कसा आहे? सुमा फोनवर सांगत होती की आता तुला घाटावरच्या बायकांच्या लुगड्यांचे काठसुद्धा ओळखू येतात. म्हणजे टी. नरसीपुरात आता कुणाची धडगत नाही. संगमावर सकाळी पाणी अजून दोन रंगांचं दिसतं का? तिथे उभं राहिलं की मला शाळेतली एखादी कविता आठवायची आणि मग आंघोळ राहून जायची. असो. मुद्द्याचं लिहितो.

मुद्दा असा की माझ्या नातीला, सहानाला, शाळेने आधार द्यायचं ठरवलंय. पोरगी चौथीत आहे. हुशार आहे, पण वर्गात बसली की मन खिडकीतून मैदानात, मैदानातून पलीकडच्या गुलमोहरावर. वही एकीकडे, डबा दुसरीकडे, आणि आठवड्याला एक पाण्याची बाटली शाळेला अर्पण. शिवाय सकाळी व्हॅनचा हॉर्न ऐकला की पोट दुखतं, हात गार पडतात. परीक्षेच्या दिवशी तर उलटीच. डॉक्टरीणबाईंनी दोन नावं सांगितली, एडीएचडी आणि अँग्झायटी. म्हणाल्या, ही खोडी नाही, लाडाने बिघडणं नाही. शाळेने थोडं सांभाळून घेतलं तर मूल उत्तम शिकतं. एवढं सरळ बोलणारं माणूस या प्रकरणात मला पुढे भेटलं नाही.

शाळेच्या दारात मोठा फलक आहे, ‘प्रत्येक मूल वेगळं’. आत गेलं की सगळ्यांचे मोजे एकाच उंचीला हवेत. तिथे सुप्रीता मॅडम ‘विशेष साहाय्य समन्वयक’ आहेत. (कुणाचा कुणाशी समन्वय, ते मला तीन भेटींत कळलं नाही.) त्या फक्त गुरुवारी येतात, तेव्हा मुलांनी घाबरायचं ते शक्यतो गुरुवारी. त्यांनी सहानाला एक लाल कार्ड दिलं. जीव घाबरला की बोलायला नको, कार्ड वर करायचं, बाई बाहेर जाऊ देतील. कल्पना चांगली, मी तोंडभरून कौतुक केलं. पण मूल वस्तू हरवतं असं अहवालात लिहिलेलं, म्हणून कार्ड ठेवलं ऑफिसच्या कपाटात, कुलपात. म्हणजे घाबरलेल्या पोरीने आधी हात वर करून परवानगी घ्यायची, दोन जिने उतरायचे, रजिस्टरात सही करायची, कार्ड घ्यायचं, दोन जिने चढायचे आणि वर्गात येऊन ते दाखवायचं, की मला बाहेर जायचंय. मी विचारलं, एवढं सगळं जिला जमतं तिला कार्ड कशाला? मॅडम म्हणाल्या, ‘नोडोण सर.’ (इथे ‘नोडोण’ म्हणजे बघू या, आणि बघू या म्हणजे नाही, हे तुला सांगायला नको.)

जिन्याखाली एक ‘शांत कोपरा’ही केलाय. निळा पडदा, दोन उशा, भिंतीवर हसरा ढग, आणि ढगाच्या मागे पाण्याचा पंप. मी खात्री करून घ्यायला आत जाऊन बसलो. पंप सुरू झाला, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा मी उशी छातीशी धरून बसलो ते शिपायाने येऊन बाहेर काढेपर्यंत. एरवी त्या कोपऱ्यात स्नेहसंमेलनाचे लाकडी भाले ठेवतात.

आणि कविता, अक्का! आता कविता पडद्यावर येते. म्हणायची नसते. यमकाचे शब्द शोधून चौकटीत भरायचे, वेळ सात मिनिटं. सहानाने सातही मिनिटं चौकटीभोवती पक्षी काढले. शेरा मिळाला, ‘लक्ष नाही’. कविता पक्ष्यांवरच होती. आपल्या चामराजपुरमच्या शाळेत चाळीस पोरं एका सुरात म्हणायची, खिडकीच्या गजांना कंप सुटायचा, मास्तर डोळे मिटून ताल धरायचे. कुणाला भीती नाही की पोटदुखी नाही. निदान मी घरात सगळ्यांना असंच सांगत आलोय.

खरी अडचण मार्चच्या परीक्षेची. डॉक्टरीणबाई म्हणतात, तिला लहान खोलीत बसवा, अर्धा तास जास्त द्या, मधे एकदा उठू द्या. शाळा म्हणते, त्यांचा कागद पुरा असेल तर देऊ. नाहीतर ‘दुसऱ्या शाळेचा विचार करावा’. हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की तिचा बाप, आपला अर्जुन, थँक यू म्हणून बाहेर आला. (बँकेत हाच पन्नास माणसांवर ओरडतो.) तो कागद म्हणजे आठ पानी फॉर्म. त्यात सहावा रकाना: घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी लहानपणी कुणाला अशी चंचलता, विसराळूपणा, शाळेची भीती होती का? अर्जुनने माझ्याकडे पाहिलं. मी ताठ बसून म्हटलं, कोणी नाही. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं. आपले पूर्वज खंडोजीराव म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, त्यांचा घोडा कसा, तलवार कशी, आपल्या रक्तात भीती कशी नाहीच, हे मी बिचाऱ्या डॉक्टरीणबाईंना वीस मिनिटं ऐकवलं. अर्जुनने शाईने ‘कोणी नाही’ लिहिलं आणि खाली रेघ मारली.

सहाना शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती. ते पाय थांबले. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, ‘अज्जा, मग मी एकटीच?’

अर्जुनने रेडिओ लावला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

असो. शाळेची पुरेशी निंदा झाली, मन हलकं झालं असं समजू. सुमाला आशीर्वाद. डोळ्यात थेंब वेळेवर घाल.

तुझा
नागोजी

ता. क. इथून पुढचं सुमाकडून वाचून घेऊ नकोस. स्वतः वाच.

आणखी एक ता. क. मी काल एकटाच बसने डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि सहाव्या रकान्याचं कोरं पान मागून आणलं. पान त्यांच्या ड्रॉवरात वरच ठेवलेलं होतं. ज्याने डोळ्यांनी पाहिलं अशा थोरल्या माणसाने ते भरून सही करायची असते. असं माणूस आता तूच उरलीस. लिही, की चौथीत असताना नागोजी रोज सकाळी न्हाणीघरात ओकायचा. पाटी इतक्या वेळा हरवली की वडिलांनी ती दोरीने गळ्यात बांधली. कवितेच्या तासाला तो बाकाखाली असायचा. चाळीस पोरांचा सूर त्याने ऐकला तो तिथून. आणि मी वर्गात टिकावं म्हणून तू वर्षभर आपला वर्ग सोडून माझ्या बाकावर येऊन बसायचीस, माझी मूठ धरून. तुझी सातवी त्यात गेली. लोकांना सांगितलं, आईला घरकामात मदत हवी म्हणून मुलीला शाळेतून काढली. तेही लिही. त्याबद्दल मी तुला आजवर एक अक्षर म्हटलेलं नाही.

शेवटचा ता. क. अर्जुनला कळवू नकोस, असं लिहिणार होतो. पण आज सकाळी व्हॅन यायच्या आधी सहानाला सगळं सांगून टाकलं, बाकाखालचंही. तिने आधी दुसरा मोजा चढवला. मग विचारलं, बाकाखाली जागा किती असायची. मी म्हटलं, एकापुरती. म्हणाली, ‘जरा सरकून बसायचं ना.’

पान सोबत आहे. पंचवीस तारखेच्या आत पाठव, आणि माझी बाजू घेऊ नकोस.