डॉक्टर कधी पाठवायचा

सोम. ३ फेब्रु.
घरमालकीणबाईंनी जिन्यात गाठलं. "तुमी ऑफिसात नेमकं करता तरी काय?" सांगितलं: शेळ्यामेंढ्यांच्या हेल्पलाइनवर फोन माणूस घेत नाही, एआय एजंट घेतो. त्याच्या हाताशी तीन टूल्स. औषध सांगा, लसीची तारीख सांगा, डॉक्टर पाठवा. कुठलं कधी वापरायचं हे त्याला मी लिहिलेल्या वर्णनावरून कळतं. "म्हंजे चिठ्ठ्या लिवता की." व्हय, चिठ्ठ्याच. पगार चिठ्ठ्यांच्या मानाने बरा आहे.

बुध. ५
हेल्पलाइनचे डॉ. भडकलेत. गाडी एक, तालुके तीन, आणि एजंट ऊठसूट त्यांना पिटाळतोय. काल अक्कलकोटच्या पलीकडे गेले तर बोकडाचं नुसतं शिंग खरचटलेलं. मालकाने चहा पाजला, कन्नडमध्ये माफी मागितली. प्रशांत (कोड त्याचा, खापर माझ्यावर): "मॅडम, तुमचं वर्णन लई ढिलं हाय."
'जनावर आजारी असल्यास वापरा' असं लिहिलं होतं. धडधाकट जनावरासाठी फोन करतंय कोण? बदललं. 'आजार गंभीर असल्यासच वापरा.' डॉ. खूश, मीही खूश.

सोम. १०
गेल्या आठवड्याचे फोन तपासत होते. नावं नसतात, नुसते आवाज. एक लावला आणि हात थांबला. अण्णा. माझे अण्णा.
"एक मेंढी जरा बसूनच हाय. तसं काय न्हाय, बरी हाय."
एजंटने जंताचं औषध सांगितलं, नमस्कार केला, फोन ठेवला.
लगेच घरी फोन. अण्णा म्हणाले, समदं बरं हाय. शेजारच्या सुमनकाकूंना लावला तेव्हा कळलं, मेंढी दुसऱ्याच दिवशी गेली. अण्णा दोन दिवस नीट जेवले नाहीत.
एजंटवर रागावून काय उपयोग. त्याने वाचलं तसं केलं. गंभीर म्हणे! आमच्याकडे जनावर शेवटच्या घटकेला आलं तरी माणूस 'जरा' म्हणतो. त्याच घरात वाढले मी, आणि लिहिलं मात्र ऑफिसच्या खुर्चीतून.

मंगळ. ११
'गंभीर' काढून टाकला. आता असं: फोन करणारा 'बरं आहे' म्हणाला तरी तिथे थांबू नये. जनावर उभं राहतं का, चारा खातं का, रवंथ करतं का, एकेक विचारावं. उभं राहत नसेल तर डॉ. पाठवावा. नुसतं खरचटलं असेल तर पाठवू नये, औषध सांगावं.
प्रशांत: "केवढं लांबडं!" म्हटलं, नव्या सुनेला घरचं सगळं सांगावंच लागतं, तिला काय ठाऊक आपल्याकडे कोण कसं बोलतं.
जुने फोन नव्या वर्णनावर चालवून पाहिले. अण्णांच्या फोनला डॉ. निघाले. नुसते स्क्रीनवर. बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

शुक्र. १४
डॉ. म्हणाले, आता एजंट खरी गरज असेल तिथेच पाठवतोय. बरं वाटलं. ते दुपारपर्यंत टिकलं.
दुपारी फोन तपासताना परत अण्णांचा आवाज. लसीची तारीख विचारायला फोन केलेला. एजंटने नव्या शिकवणीप्रमाणे विचारलं, मेंढ्या नीट उभ्या राहतात ना?
"त्या ऱ्हात्यात की. मलाच दोन दिस उभं ऱ्हाववत न्हाय. चक्कर येती."
एजंट म्हणाला, माणसांच्या दुखण्यासाठी माझ्याकडे काही सोय नाही. दवाखान्यात दाखवा, घरी कुणाला तरी सांगा.
"पोरगी हाय सोलापुरात. तिला कशाला घोर?"
मग लसीची तारीख. एजंटची चूक काढायला जागा नाही.
चौथं टूल हवं. घरच्यांना कळवा. वर्णन लिहायला बसले: 'फोन करणारा स्वतःच्या तब्येतीविषयी बोलला, तर त्याची परवानगी घेऊन...'
परवानगी अण्णा देणार नाहीत. आणि परवानगीशिवाय कळवायचं तर उद्या कोण मोकळेपणाने बोलेल?
प्रशांत म्हणतो, आपलं काम जनावरांचं, सोडा. सोडू कसं?
अण्णांना फोन केला. "बरं हाय. तू जेवलीस का?"

शनि. १५
पहिल्या एसटीने गावी. अण्णा दारातच. "अशी कशी अचानक?" सुट्टी होती म्हटलं. फोनवर ऐकलेलं बाहेर काढायचं नाही, हा ऑफिसचा नियम. तो मोडलाही असता. पण लेक ऐकते हे कळलं तर अण्णा हेल्पलाइनला परत फोन करणार नाहीत, आणि मग मेंढ्यांचंही कुणाला कळणार नाही, त्यांचंही.
अण्णा चहा ठेवायला उठले ते भिंत धरून. हे तर मी डोळ्यांनी पाहिलं, याला कुठला नियम.
"अण्णा, भिंत का धरली?"
"भित्त हाय म्हणून धरली."
चहात साखर दोनदा पडली होती. दोघांनी तसाच प्यायला. सोमवारी दवाखान्यात जाऊ म्हटलं.
"बगू. मेंढरांकडं कोन बगंल?"
मी बघेन म्हटलं. त्यांनी माझ्या शहरी चपलांकडे पाहिलं आणि हसले. हो काही म्हणाले नाहीत.