चुलवाणावरची पट्टी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
९ डिसेंबर २०२४

रुचिता,

नमस्कार. तू आणि घरचे बरे असाल. आम्हीही आहोत. अनुजा गेल्यापासून बंद असलेलं स्वयंपाकघर आईने पुन्हा हातात घेतलंय. गावाकडे आप्पा आजोबांचं गुऱ्हाळ सुरू झालं. यंदा थंडी चांगली आहे, गूळ पिवळाधमक येतोय.

तुझे मेसेज मिळाले. फोन उचलले नाहीत, राग मानू नकोस. लोक फोनवर आधी गप्प होतात आणि मग "सावर" म्हणतात. मी सावरलेलाच आहे. रोज दूध संघाच्या चिलिंग प्लांटवर जातो, कॉम्प्रेसर बघतो, घरी येतो.

तू आणि अनुजाने प्रयोगशाळेत केलेली पट्टी सोबत पाठवतोय. काचेवरचा तो राखाडी थर. डबी अनुजानेच बंद केलेली आहे, मी उघडली नाही. उष्णतेपासून वीज किती होते ते मोजायला हा एकच नमुना उरलाय, हे तू लिहिलं होतंस. तरी पाठवायला उशीर झाला.

रक्षाविसर्जनाला कावळा शिवेना. केरबाकाका म्हणाले, "पोरीचं लगीन ऱ्हायलं, त्यात जीव अडकला आसंल."

आप्पा मोठ्याने म्हणाले, "लगीन न्हाय. पट्टी ऱ्हायलीया तिची. अनुजा, तुझी पट्टी चुलवाणाला बसवतो, बाई. धगीवर दिवा लावून दावतो. जा आता."

कावळा आला. योगायोग असेल. पण आप्पांनी शब्द देऊन टाकला होता.

तिने त्यांना सांगितलं होतं, "आप्पा, धग अडवायची आन् वीज तेवढी सोडायची. एवढंच हाय की." तो थर केसाहून कितीतरी पातळ आहे, रस उकळायच्या काहिलीखाली, चुलवाणाच्या जाळावर एका दिवसात संपेल, हे कोण सांगणार? मी सांगायला म्हणून गावी गेलो आणि चहा पिऊन परत आलो.

शेवटी बाजारातून तयार पट्टी आणली. पाणी गार करायच्या मशिनमध्ये असते ती, पांढरी, चौकोनी. एक बाजू चुलवाणाच्या बाहेरच्या भिंतीला लावली, दुसरीला गार पाण्याचा डबा. जाळ धरला तसा लाल दिवा लागला.

"आमच्या अनुजानं केल्याली," आप्पा गुळव्याला म्हणाले.

"लई बारीक उजेड हाय की, आप्पा."

"बारीक तर बारीक. तुझ्या विडीपरीस बरा हाय न्हवं?"

आता येईल त्या पावण्याला दाखवतात. आईला मुद्दाम जीपने नेऊन दाखवलं. आई रडली. मी डब्यातलं पाणी बदलत होतो. मला काही झालं नाही.

मोजमाप झालं की गावी येईन, असं तू लिहिलंस. ये. आप्पा तुला आधी चुलवाणाकडे नेतील. तुला बघताक्षणी कळेल. तिथे काही बोलू नकोस. ते विचारतील, "तिचीच हाय न्हवं?" तू हो म्हण.

मी जवळच उभा असेन. मलाही ते एकदा कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं आहे.

अनुजाचा दादा,
विश्वजित